चारा पोटात किती तास राहतो आणि त्यातला पचतो किती? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मार्करबद्दल थोडं लिहिलं होतं. म्हणजे जनावराच्या पोटात न पचणारा, आतड्यातून रक्तात न शोषला जाणारा एखादा पदार्थ धरायचा, खाण्यात तो किती गेला आणि शेणात किती आला हे मोजायचं आणि त्यावरून चारा किती पचला, किती वेळात पुढे सरकला याचा हिशोब काढायचा. त्यावर बरेच प्रश्न आलेत, सगळे घेता येणार नाहीत, पण सारखे विचारलेले घेतोय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब. माझ्याकडे एचएफ संकरित गाई आहेत, मुरघास आणि मका भरडा चालू आहे. शेणात मक्याचे दाणे दिसतात. शेजारचे म्हणतात तुमच्या गाईच्या पोटात चारा टिकतच नाही, तसाच पुढे निघून जातो. खाल्लेलं किती तासांनी बाहेर येतं? चाऱ्याला कापडाचा रंग लावून घरी बघता येईल का? (एक पशुपालक, ता. फलटण)

आधी रंगाचं. कापडाचा रंग अजिबात वापरू नका दादा. त्या पुडीत काय काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं, गाय दुधात आहे आणि ते दूध लोकांच्या घरी जातं. पण तुमच्या डोक्यात आलेली कल्पना मात्र शंभर टक्के बरोबर आहे, कारण शास्त्रज्ञांनी अगदी हेच केलं होतं. इंग्लंडमध्ये बाल्च नावाच्या संशोधकाने १९५० साली रंगवलेलं वाळलेलं गवत गाईंना खाऊ घातलं, मग प्रत्येक वेळचं शेण धुवून त्यातले रंगीत कण मोजले. एकूण कणांपैकी ५ टक्के बाहेर यायला किती तास लागले आणि ८० टक्के यायला किती लागले यातला फरक त्याने चारा पोटात थांबण्याचं माप म्हणून धरला. पुढे भारी भारी रसायनं आली, मशीनं आली, पण मूळ पद्धत तीच राहिली.

गाईला असा रंगीत चारा एकदा दिला तर पहिले कण साधारण १२ ते २४ तासांत शेणात दिसायला लागतात, मग संख्या वाढत जाते, बहुतेक माल दोन ते चार दिवसांत बाहेर पडतो आणि शेवटचे थोडे कण आठवडाभर सुद्धा येत राहतात. म्हणजे "किती तासांनी बाहेर येतं" याला एक आकडा नाही, सरासरी काढावी लागते. समजा २४ व्या तासाला १०० कण सापडले, ४८ व्या तासाला ३००, ७२ ला १५० आणि ९६ ला ५०. प्रत्येक तासाला त्या वेळच्या कणांनी गुणायचं, सगळं मिळवायचं, ३२,४०० येतात, त्याला एकूण ६०० कणांनी भागलं की ५४ तास. हा झाला चाऱ्याचा सरासरी मुक्काम. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण मोठ्या गाईत चोथ्याच्या, म्हणजे धागेदार, चाऱ्याचा मुक्काम ५० ते ७० तास असणं नेहमीचंच आहे. शेळ्या-मेंढ्यांत तो कमी भरतो.)

आता मक्याचे दाणे. अख्खा दाणा हा चांगला मार्कर नाही. मार्कर असा पाहिजे की तो ज्याच्याबद्दल सांगतोय त्याच्याच बरोबर चालला पाहिजे. मक्याचा दाणा जड, गुळगुळीत, वरून टणक सालपट, तो कोठीपोटात (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, जिथे जंतू चारा आंबवतात) खाली बसतो आणि चोथ्याच्या आधी पुढच्या पोटात जातो, आणि वरचं चोथ्याचं जाळं मात्र तरंगत मागे राहतं. त्यामुळे शेणात दाणे आले म्हणजे सगळा चारा धावत सुटला असं होत नाही. त्याचा अर्थ इतकाच की दाणा फुटलाच नाही, ना कुट्टी मशीनमध्ये, ना चावताना. सालपट फुटलं नाही की जंतूंना आतल्या स्टार्चपर्यंत पोचता येत नाही, मग कोठीपोटात दाणा किती का वेळ राहीना.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो, हिला खर्च शून्य. सकाळचं ताजं शेण, साधारण एक लिटरच्या डब्यात मावेल इतकं, गाईने टाकल्या टाकल्या उचला. स्वयंपाकघरातली नको, वेगळी एक चाळणी आणा, भोकं दीड मिलिमीटरच्या आसपास. नळाखाली हलक्या हाताने धुवत राहा, खालून निघणारं पाणी नितळ होईपर्यंत. मग चाळणीत जे उरलं ते पांढऱ्या ताटात पसरून बघा. चोथा बारीक आणि मऊ आहे का, की अर्ध्या इंचापेक्षा लांब कडक काड्या आहेत? मका अख्खा आहे का तुकडे आहेत, तुकड्यांच्या आत पांढरं पीठ दिसतंय का? सरकी आख्खी आहे का? चिकट पारदर्शक सालीसारखे तुकडे दिसले, आतड्याच्या नळीच्या आकाराचे, तर समजा की बरंच धान्य कोठीपोट चुकवून मोठ्या आतड्यात जाऊन आंबतंय. तीन-चार गाईंचं बघा, एकीवर जाऊ नका. दाणे खूप असतील तर पुढच्या वेळी मुरघास करताना दाणा फोडणारा रोलर असलेलं मशीन मागवा आणि भरडा अजून बारीक करून घ्या, शेजाऱ्यांचं म्हणणं नंतर बघू.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कडबा आणि उसाचे वाढे अगदी बारीक करून देतो, भुशासारखं. बारीक केल्यावर लवकर पचेल आणि दूध वाढेल असं वाटलं होतं. गाई खातात भरपूर, पण फॅट उतरलं. असं कसं? (एक ताई, जि. अहिल्यानगर)

ताई, मार्करच्या अभ्यासातून जे सगळ्यात कामाचं कळलं ना, ते नेमकं तुमच्या प्रश्नातच आहे. कोठीपोटात चाऱ्यावर एकाच वेळी दोन गोष्टी होत असतात, जंतू त्याला पचवत असतात आणि पोट त्याला पुढे ढकलत असतं. जे आधी होईल ते खरं. समजा चाऱ्यातला पचू शकणारा चोथा तासाला ५ टक्के या वेगाने पचतोय आणि तासाला २.५ टक्के या वेगाने पुढे सरकतोय, तर ५ ला दोन्ही वेगांच्या बेरजेने, ७.५ ने भागा, त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे ६७ टक्के पचेल. आता पचायचा वेग तोच ठेवा आणि पुढे सरकायचा वेग दुप्पट, ५ टक्के करा, पचन थेट ५० टक्क्यांवर येतं. चारा तोच, गाय तीच, फक्त मुक्काम कमी झाला.

भुशासारखा बारीक केलेला चारा पुढे सरकायला मोकळाच असतो. कोठीपोटातून पुढे जायच्या दाराशी एक प्रकारची गाळणी लागलेली आहे असं समजा, मोठे तुकडे मागे राहतात, रवंथ होऊन लहान झाले आणि भिजून जड झाले की मग जातात. मेंढ्यांवरच्या कामात असं दिसलं की १.१८ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकणारे कण कोठीपोटातून फार कमी बाहेर पडतात, गाईत ही मर्यादा थोडी मोठी. मशीनने हे काम आधीच उरकून दिलं तर गाईला रवंथ करायचं कारणच उरत नाही. रवंथ कमी, लाळ कमी, लाळेतला सोडा कमी, पोटातली आम्लता वाढली, चोथा पचवणारे जंतू मंदावले आणि दुधाचं फॅट ज्या ॲसिटिक आम्लापासून बनतं ते कमी झालं. तुमच्या डेअरीच्या स्लिपवर उतरलेलं फॅट बरंचसं इथून आलंय असं मला वाटतं.

पण म्हणून अख्ख्या पेंढ्या टाकायला लागू नका. अख्खा कडबा टाकला की गाय पाला खाते आणि चिपाडं गव्हाणीत सोडते, नासाडी होते. कुट्टी एक ते दीड इंचाची ठेवा, त्यात थोडा लांब धागा राहू द्या आणि दुपारी सावलीत बसलेल्या गाईंकडे बघा, बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. बारीक केल्यावर गाई "खातात भरपूर" हे पण बरोबरच आहे, पोट लवकर रिकामं होतं म्हणून खातात. नुसतं खाणं वाढलं यावर खूष होऊ नका, पैसे चाऱ्याचे जातात.

प्रश्न : आमच्या भागात भाताचा पेंढा हाच मुख्य चारा. लॅबवाले म्हणाले की राखेवरून चाऱ्याचं पचन काढता येतं. राख मोजून पचन कसं कळणार? (पशुपालक गट, ता. चिपळूण)

कळतं, आणि गरीब लॅबला परवडणारी सगळ्यात चांगली पद्धत हीच आहे असं माझं मत आहे. प्रत्येक चाऱ्यात सिलिका असते, भाताच्या पेंढ्यात तर भरपूर. ती पोटात पचत नाही, शोषली जात नाही असं धरता येतं, म्हणजे चाऱ्यातच निसर्गाने मार्कर घालून दिलाय. १८७४ साली वाइल्ट नावाच्या संशोधकाने मेंढ्यांमध्ये सिलिका अशी वापरून बघितली होती, इतकी जुनी गोष्ट आहे. आज जी पद्धत चालते ती १९७७ च्या व्हान क्यूलेन आणि यंग यांच्या कामातली. नमुना वाळवायचा, ४५० अंशाला रात्रभर भट्टीत जाळून राख करायची, ती राख हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळायची, गाळायची, गरम पाण्याने धुवायची आणि गाळणकागदासकट पुन्हा जाळून वजन करायचं. आम्लात न विरघळलेली जी राख उरते ती आपली.

हिशोब सोपा. चाऱ्याच्या कोरड्या वजनात ही राख २ टक्के आणि शेणाच्या कोरड्या वजनात ५ टक्के निघाली असं समजा. राख तर तेवढीच आहे, मग ती २ ची ५ कशी झाली? बाकीचा माल पचून गेला म्हणून. २ ला ५ ने भागा, ०.४, म्हणजे १०० किलोतले ४० किलो शेणात आले आणि ६० किलो पचले. पचन ६० टक्के. प्रोटीनचं काढायचं तर चाऱ्यात १२ टक्के आणि शेणात ११ टक्के प्रोटीन असेल तर ०.४ ला ११/१२ ने गुणा, ०.३७ येतात, म्हणजे जवळपास ६३ टक्के प्रोटीन पचलं. महिनाभर गाय बांधून तिचं सगळं शेण गोळा करून वजन करायची गरज नाही.

पण एक शत्रू आहे, माती. त्याच गाईचं शेण तुम्ही अंगणातून खरडून उचललं, त्यात माती आली आणि राख ५ ऐवजी ७ टक्के निघाली, तर हिशोब ७१ टक्के पचन दाखवणार. काहीच न बदलता कागदावर पेंढा सोन्याचा झाला. म्हणून शेण जमिनीवरून उचलायचंच नाही, गाय टाकत असताना हातात घ्या नाहीतर हातमोजा घालून गुदद्वारातून काढा. चाऱ्याला लागलेली माती झटकू नका हं, ती गाय खाणारच आहे, ती नमुन्यात आलीच पाहिजे. आणि गव्हाणीत उरलेलं वेगळं काढून त्याचाही नमुना द्या, कारण गाय मऊ भाग निवडून खाते आणि तुम्ही टाकलेला चारा आणि तिने खाल्लेला चारा यात फरक पडतो. भाताच्या पेंढ्यावर ही पद्धत छान चालते. मका, पेंड असा सिलिका कमी असलेला खुराक जास्त असेल आणि ही राख पाऊण टक्क्याच्या खाली गेली तर वजनातली थोडी चूक पण निकाल पार हलवते, तिथे दुसरा मार्कर घ्या.

प्रश्न : सर, मी पशुपोषण विषयात एमव्हीएससी करतोय. गाईंना क्रोमिक ऑक्साईड देऊन पचन काढतोय, पण सकाळच्या आणि संध्याकाळच्या शेणाचे आकडे जुळत नाहीत. शिवाय क्रोमियम जनावराला आणि दुधाला धोकादायक आहे का, असं गोठ्यातले कामगार विचारतात. (विद्यार्थी, पशुवैद्यकीय महाविद्यालय)

जुळणार नाहीत. क्रोमिक ऑक्साईड हे हिरवं जड पावडर आहे, स्वीडनच्या एडिनने १९१८ मध्ये ते मार्कर म्हणून वापरात आणलं आणि जगभर सगळ्यात जास्त तेच चाललं, पण ते ना चोथ्याबरोबर चालतं ना पाण्याबरोबर, स्वतःच्याच चालीने जातं. एकदाच कॅप्सूल दिली तर दिवसभरात शेणातलं प्रमाण वरखाली होतं. रोजचा डोस दोनदा विभागून द्या, ७ ते १० दिवस देत राहा म्हणजे पातळी स्थिर होईल, मगच नमुने सुरू करा. आणि नमुन्याची वेळ रोज सरकवा, आज सकाळी ६ आणि संध्याकाळी ६, उद्या ८ आणि ८, परवा १० आणि १०, असं करत २४ तासांचं घड्याळ पूर्ण भरा, मग सारख्या वजनाने एकत्र करून एकच नमुना तपासा. कॉलेजच्या वेळेत सोयीचं म्हणून फक्त सकाळी ९ ला शेण घेतलेले प्रबंध मी बघितलेत, वाईट वाटतं, पोरांनी एवढी मेहनत घेतलेली असते. जमलं तर दोन-तीन जनावरांचं सगळं शेण गोळा करून मार्कर किती टक्के परत मिळाला ते पण तपास. ते ९५ पेक्षा खाली असेल तर कुठेतरी डोस सांडतोय किंवा गाय थुंकतेय.

कामगारांचा प्रश्न एकदम रास्त आहे, त्यांना टाळू नकोस. क्रोमिक ऑक्साईडमधलं क्रोमियम तीन संयुजी (रसायनशास्त्रातलं त्याचं एक रूप) आहे, पोटातून ते जवळपास शोषलंच जात नाही. धोका आहे तो सहा संयुजी क्रोमियमचा, आणि तो लॅबमध्ये जास्त आहे, कारण चोथ्याचाच मार्कर करायला त्यावर क्रोमियम पक्कं बसवायचं असेल तर सोडियम डायक्रोमेटमध्ये उकळावं लागतं आणि ते कॅन्सर करणारं रसायन आहे. क्रोमिक ऑक्साईड मोजताना आम्लात उकळतानाही ते तयार होतं. हातमोजे, फ्यूम हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट), वेगळा कचरा, यात तडजोड नको. पावडर हुंगली जाऊ नये म्हणून कॅप्सूल भरताना मास्क लावायलाच हवा. म्हणूनच बरेच जण आता टायटॅनियम डायऑक्साईडकडे वळले, हिशोब तोच, मोजायला रंगाची साधी परीक्षा पुरते.

तुझ्या कॉलेजात कोठीपोटाला भोक ठेवलेली गाय असेल तर अजून एक सुचवतो. चारा, उरलेलं आणि शेण, तिन्हींचे नमुने बारीक छिद्रांच्या पिशव्यांत घालून २८८ तास म्हणजे १२ दिवस कोठीपोटात ठेव, जो चोथा तरीही उरतो तो कधीच न पचणारा, तोच मार्कर धर. डोस द्यायची भानगडच नाही. तिन्ही नमुने एकाच गाईत, एकाच वेळी घाल.

आणि पुढे कधी नायलॉन पिशवीच्या प्रयोगावरून (पेंड पिशवीत घालून कोठीपोटात ठेवायची आणि किती तुटली ते बघायचं) पेंडीचं पचन लिहिशील तेव्हा सरकण्याचा वेग पुस्तकातून उचलून टाकू नकोस. समजा पेंडीतलं २० टक्के प्रोटीन लगेच विरघळतं, ६० टक्के तासाला ६ टक्के वेगाने तुटतं. चारा तासाला २ टक्क्यांनी सरकत असेल तर कोठीपोटात ६५ टक्के तुटेल, ६ टक्क्यांनी सरकत असेल तर ५०. जास्त दूध देणारी, जास्त खाणारी गाय आणि भाकड गाय यांना तीच पेंड बायपास प्रोटीन, म्हणजे कोठीपोटात न तुटता पुढे जाणारं प्रोटीन, वेगवेगळं देते. वेग मोजायला पाण्यासाठी कोबाल्ट इडीटीए (पाण्यात विरघळणारा मार्कर) आणि चोथ्यासाठी यटर्बियम (एक धातू) किंवा क्रोमियम बसवलेला चोथा वापरतात, एकाच वेळी दोन्ही दिले तर दिसतं की पाणी तासाला ६ ते १२ टक्के जातं आणि चोथा २ ते ६. दोघांचा वेग एकच धरला की पुढचं सगळं चुकतं. यटर्बियमला एक खोड आहे, आम्लात तो एका कणावरून सुटून दुसऱ्यावर बसतो, आणि क्रोमियम जास्त बसवलं तर चोथाच जड होऊन वेगळा वागतो. कमीत कमी बसव.

प्रश्न : आम्ही धनगर वाड्यांवर काम करतो. मेंढ्या दिवसभर माळावर चरतात, त्यांनी किती आणि काय खाल्लं हे गव्हाणीशिवाय कसं मोजायचं? (एका संस्थेचे कार्यकर्ते, जि. सातारा)

पानांवर मेणाचा थर असतो, त्यात अल्केन नावाचे पदार्थ असतात, साखळीतल्या कार्बनच्या संख्येवरून ओळखले जाणारे. वनस्पतीत विषम संख्येचे जास्त, २९, ३१, ३३. सम संख्येचे फारच कमी. १९८६ साली स्कॉटलंडच्या मेज आणि सहकाऱ्यांनी यातून फार देखणी युक्ती काढली. मेंढीला ३२ कार्बनचा अल्केन रोज ठरलेला डोस द्यायचा, लेंडीत ३१ किंवा ३३ शी त्याचं गुणोत्तर बघायचं. अल्केन थोडे आतड्यात हरवतात खरे, पण शेजारी शेजारी असलेले जवळजवळ सारखेच हरवतात, त्यामुळे भागाकारात ती चूक निघून जाते आणि किती खाल्लं ते मिळतं. वर प्रत्येक झाडाची अल्केनची ठेवण वेगळी, त्यामुळे बाभळीचा पाला किती आणि गवत किती याचाही अंदाज येतो.

अडचण अशी की उष्ण भागातल्या बऱ्याच गवतांत मेण कमी असतं, तिथे निकाल ढिला पडतो, आणि अल्केन मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र लागतं म्हणजे विद्यापीठाची साथ हवी. नमुने मात्र तुम्हीच गोळा करा. मेंढी काय ओरबाडते ते मेंढपाळाइतकं कुणालाच माहीत नसतं, त्याच्याबरोबर चालत जाऊन तीच पानं, तोच शेंडा हाताने तोडा. अख्खं झुडूप कापून आणलं तर उपयोग नाही.

प्रश्न : गाईने प्लास्टिकची पिशवी खाल्ली. न पचणारी वस्तू शेणातून निघतेच असं तुम्ही लिहिलंत, मग पिशवी पण निघेल ना? (वाचक, नाशिक)

नाही हो, हा गैरसमज लगेच काढा. मार्कर निघतो कारण तो बारीक असतो आणि चाऱ्याबरोबर वाहतो. पिशवी हलकी, ती वर चोथ्यात गुंतते, रवंथ करून तुटत नाही आणि पुढच्या दारातून जायच्या मापाची होतच नाही. ती तिथेच राहते, पुढच्या पिशव्या तिच्याभोवती गुंडाळत जातात, वर्षानुवर्षं. एखादी लहान पिशवी असेल आणि गाय नीट खात-पीत, रवंथ करत असेल तर लक्ष ठेवा. पोट वारंवार फुगतंय, रवंथ कमी झालंय, खाणं असून गाय वाळत चाललीय असं दिसलं तर जुलाबाचं औषध पाजत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा, डाव्या कुशीतून कोठीपोट उघडून ते काढावं लागतं. लवकर केलं तर गाय चांगली वाचते. तार किंवा खिळा गेल्याचा संशय असेल तर त्याच दिवशी कळवा, तो जाळीपोटात (कोठीपोटाला लागून असलेल्या लहान पोटात) अडकतो आणि तिथून पुढे हृदय अगदी जवळ असतं.